कॉमेंटेटर पारखायचा असेल तर गोल सोडून उरलेला सामना ऐका

फुटबॉलचे इंग्लिश कॉमेंटेटर पीटर ड्ररी मोठा की मार्टिन टायलर, यावर परवा आमच्या ग्रुपवर मध्यरात्र उलटली तरी वाद मिटला नव्हता. वादाला माझी ना नाही, तो खेळावरच्या जिव्हाळ्यातूनच होतो. पण दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून जे टाकलं ते सगळं तीस-चाळीस सेकंदांच्या क्लिपा. रोमावाली क्लिप, अग्वेरोवाली क्लिप, मेस्सीवाली क्लिप. त्या गोलाच्या आधी तासभर तोच माणूस काय बोलत होता, हे कुणालाच आठवत नव्हतं. माझं म्हणणं तिथेच आहे. गोल झाल्यावर आवाज चढवायला सगळ्यांनाच येतं. अडतिसावं मिनिट आहे, 0-0 आहे, पावसाची रिपरिप चालू आहे, बॉल मधल्या पट्ट्यातच इकडून तिकडे फिरतोय, आणि तरीही जो मला टीव्हीसमोरून उठू देत नाही, तो माझ्या लेखी मोठा कॉमेंटेटर.

मोठ्या क्षणांबद्दलही बोलते, कारण तिथेही आपण भलतीच गोष्ट लक्षात ठेवतो.

13 मे 2012. मँचेस्टर सिटी विरुद्ध क्वीन्स पार्क रेंजर्स, इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा शेवटचा दिवस. 90 मिनिटं संपली तेव्हा सिटी 1-2 ने मागे, तेही समोरचा संघ दहा जणांवर आलेला असताना. इंज्युरी टाइममध्ये झेकोने हेडरवर बरोबरी साधली आणि 93 मिनिटं 20 सेकंदांना अग्वेरोने गोल मारला. टायलरची ती लांबलेली ‘अग्वेरोऽऽऽ’ ही हाक सगळ्यांना पाठ आहे. मला त्याच्या पुढची वाक्यं जास्त आवडतात. असं पुन्हा कधी बघायला मिळणार नाही, डोळे भरून बघून घ्या, एवढंच तो प्रेक्षकांना सांगतो. मग सांगतो की इंज्युरी टाइममधल्या दोन गोलांनी सिटीने मँचेस्टर युनायटेडच्या हातून विजेतेपद काढून घेतलंय, आणि तिकडे स्टेडियम ऑफ लाइटवर ही बातमी आत्ता पोचलीय. तिकडे म्हणजे संडरलंडला. युनायटेड आपला सामना जिंकून तिथे मैदानावरच निकालाची वाट बघत उभे होते. इतक्या गोंधळात, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, दोन्ही मैदानांचं भान ठेवून ते प्रेक्षकाला दोन वाक्यांत देणं याला मी कॉमेंटरी म्हणते. नुसती हाक कुणीही मारली असती.

तसंच 30 जुलै 1966 चं. वेम्बली, वर्ल्ड कपची फायनल, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. जादा वेळेतली शेवटची काही सेकंदं उरलीत, जेफ हर्स्ट बॉल घेऊन सुटलाय. बीबीसीचे केनेथ वोल्स्टेनहोम सांगतात की काही लोक मैदानात घुसलेत, त्यांना वाटतंय सामना संपला. तेवढ्यात गोल होतो आणि ते म्हणतात, आता संपला. इंग्लंडमध्ये या वाक्याची आजही पारायणं होतात. पण त्यात अलंकार कुठे आहे? समोर जे घडत होतं तेच ते सांगत होते, लोक खरंच मैदानात घुसले होते. नजर मैदानावर होती म्हणून ते वाक्य सुचलं.

आता ड्ररीकडे येते. मला तो मनापासून आवडतो, हे आधीच सांगून टाकते. 11 जून 2010, जोहान्सबर्ग, वर्ल्ड कपचा उद्घाटनाचा सामना. शाबालालाने मेक्सिकोविरुद्ध डाव्या पायाने तो फटका मारला, आणि ड्ररी म्हणाला की हा गोल दक्षिण आफ्रिकेचा आहे, साऱ्या आफ्रिकेचा आहे. वर्ल्ड कप पहिल्यांदाच आफ्रिका खंडात होत होता. तो प्रसंगच तेवढा मोठा होता, वाक्य त्याला पेललं. 10 एप्रिल 2018 चंही तसंच. दोन सामन्यांच्या लढतीतल्या पहिल्या सामन्यात बार्सिलोनाकडून 4-1 ने हरलेल्या रोमाने घरच्या मैदानावर 3-0 ने बाजी उलटवली, आणि शेवटचा गोल मानोलासचा. ग्रीक खेळाडू, रोम शहर, त्यावरून ड्ररीला तो ‘रोममधला ग्रीक देव’ दिसला. सुंदरच. पण ऑक्टोबरमधल्या एखाद्या शनिवारी, तक्त्यात अकरावा आणि चौदावा संघ खेळत असताना, तशाच चढ्या सुरातली वाक्यं आली की मला ती जड वाटतात. यात दोष एकट्या त्याचा नाही. क्लिप फिरते म्हणून आपण टाळ्या वाजवतो, आणि नवीन पोरं माइकसमोर बसली की त्यांना वाटतं हेच करायचं असतं. मग डाव्या विंगवर कोण धावतोय, त्याला कोण अडवतोय, हे सांगायला कुणी उरतच नाही.

ग्रुपवरचा दुसरा आवडता शब्द म्हणजे ‘बायस्ड’. गॅरी नेव्हिल आणि जेमी कॅरागर हे दोघं खेळणं संपवून माइकवर आलेले. नेव्हिलने आख्खी कारकीर्द मँचेस्टर युनायटेडमध्ये घालवली, म्हणून लिव्हरपूलवाल्यांना तो पक्षपाती वाटतो. कॅरागर लिव्हरपूलकडून 737 सामने खेळला, म्हणून युनायटेडवाल्यांना तो नको असतो. मी दोघांनाही ऐकत आलेय. बचावपटूने पाय कुठे ठेवायला हवा होता, लाइन कोणी मोडली, हे दोघंही रिप्ले सुरू व्हायच्या आत सांगतात. कानावर पडलेल्यातलं आपल्या संघाविरुद्धचं वाक्य तेवढं मनात राहतं आणि बाकीची वीस विसरतात, असं मला दोन्हीकडच्या मित्रांचं ऐकून ठामपणे वाटायला लागलंय.

आणि बाजू घेणं हाच दोष असेल तर व्हिक्टर ह्यूगो मोरालेसचं काय करायचं? 22 जून 1986, अझ्टेका स्टेडियम, माराडोनाचा इंग्लंडविरुद्धचा दुसरा गोल. अर्जेंटिनाच्या रेडिओवर मोरालेस अक्षरशः रडत होता, माराडोनाला विचारत होता की तू कुठल्या ग्रहावरून आलास. आणि हा माणूस जन्माने उरुग्वेचा! त्यात तटस्थपणा औषधालाही नाही. पण तो अर्जेंटिनाच्या लोकांसाठी बोलत होता, त्यांच्यातलाच एक होऊन. जगभरासाठी जाणाऱ्या प्रक्षेपणात तेच चाललं नसतं. कोण कोणासाठी बोलतोय, हे आधी बघायला हवं.

प्रेक्षक किती टोकाला जातात याचं सगळ्यात मोठं उदाहरण ब्राझीलचं आहे. गाल्वाओ बुएनो हा टीव्ही ग्लोबोचा कित्येक दशकांचा आवाज. 1994 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये इटलीच्या बाजिओची पेनल्टी बारवरून गेली तेव्हा शेजारी उभ्या पेलेला मिठी मारून ‘टेट्रा, टेट्रा’ म्हणून गळा फाटेपर्यंत ओरडला तो हाच. चौथं विजेतेपद! ते ओरडणं त्या पिढीच्या रक्तात आहे. आणि 2010 च्या वर्ल्ड कपला त्याच देशातल्या लोकांनी ‘गाल्वाओ, तोंड बंद कर’ हे वाक्य ट्विटरवर जगभरात ट्रेंड केलं. परदेशी लोक विचारायला लागले, हे काय आहे? तर ब्राझीलवाल्यांनी सांगितलं की गाल्वाओ हा दुर्मीळ पक्षी आहे, त्याला वाचवायची ही मोहीम आहे, आणि कित्येकांना ते खरंही वाटलं. फार बोलतो ही त्याच्याविरुद्धची तक्रार खोटी नव्हती. पण 2022 च्या वर्ल्ड कपनंतर तो ग्लोबोवरून बाजूला झाला तेव्हा हळहळणारेही हेच लोक होते. वर्षानुवर्षं कानावर पडलेला आवाज घरातला होतो. त्याच्यावर चिडायचा हक्क वाटतो, आणि तो गेला की पोकळी जाणवते. आपल्याकडे फुटबॉल कॉमेंटेटर नोव्ही कपाडिया 2021 मध्ये गेले तेव्हा मला तसं झालं. दिल्ली विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा हा माणूस ड्युरँड कप या भारतातल्या जुन्या स्पर्धेच्या सामन्यांतले खेळाडू असे सांगायचा जसे काही शेजारी राहतात. आवाजात नाट्य फारसं नव्हतं. माहिती होती आणि माया होती.

ज्या गोष्टींवरून कॉमेंटेटरला खरंच धारेवर धरायला हवं, त्यावर मात्र आपण गप्प असतो. 2020 मध्ये रनरिपीट या संस्थेने इंग्लंड, स्पेन, इटली आणि फ्रान्सच्या लीगमधल्या 80 सामन्यांची इंग्रजी कॉमेंटरी तपासली, खेळाडूंबद्दलची 2,073 विधानं वेगळी काढली. ताकदीबद्दलचं विधान गडद त्वचेच्या खेळाडूच्या वाट्याला येण्याची शक्यता साडेसहा पटींहून जास्त निघाली, आणि हुशारीचं कौतुक जास्त करून उजळ त्वचेच्या खेळाडूंचं. हे वाचल्यावर मी सामने वेगळ्या कानाने ऐकायला लागले. ‘काय दांडगा आहे’ आणि ‘काय डोकं आहे’ हे कुणाकुणाबद्दल म्हटलं जातं, एकदा ऐकून बघाच.

आणि बायकांचा आवाज. हे मला टोचतं, म्हणून लिहितेच. 21 एप्रिल 2007 ला जॅकी ओटली बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’वर कॉमेंटरी करणारी पहिली बाई ठरली. फुलहम विरुद्ध ब्लॅकबर्न, साधा लीगचा सामना. तिने माइक हातात घेण्याआधीच वर्तमानपत्रांतून तिच्यावर टीका सुरू झाली होती. जर्मनीत क्लाउडिया नॉयमान यांना 2016 च्या युरोला आणि पुन्हा 2018 च्या वर्ल्ड कपला सोशल मीडियावर इतक्या घाण शिव्या पडल्या की त्यांच्या वाहिनीला मध्ये पडावं लागलं. ‘आवाज कानाला लागतो’ हे कारण मी आमच्या ग्रुपवरही वाचलंय. कोणत्या खेळाडूचं नाव चुकलं, कोणती चाल कळली नाही, हे विचारलं की उत्तर येत नाही. मी लहानपणापासून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बाबांशेजारी बसून सामने बघितलेत, ऑफसाइड मला कुणी समजावून सांगावा लागत नाही. आवाज पातळ आहे म्हणून खेळ कळत नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

एक गोष्ट प्रेक्षकांना माहीत असायला हवी, म्हणजे राग योग्य जागी जाईल. कॉमेंटेटर दर वेळी मैदानावर नसतो. पुष्कळदा तो दुसऱ्या शहरात, दुसऱ्या देशात स्टुडिओत बसून समोरच्या पडद्याकडे बघून बोलतो. जे तुम्हाला दिसतंय तेवढंच त्याला दिसतं. मैदानात बसलेल्याला कॅमेऱ्याच्या बाहेरचंही दिसतं: सेंटर बॅक मांडीला हात लावून उभा आहे, बेंचवरचा विंगर उठून वॉर्मअप करतोय, कोच डाव्या बाजूला ओरडतोय. पडद्यावर बघणाऱ्याला बॉलभोवतीची पाच-सहा माणसं, बस्स. त्यातून बावीस जणांना आणि नंतर येणाऱ्या बदली खेळाडूंना धावण्याच्या ढबीवरून ओळखायचं. ही सोपी गोष्ट नाही. क्लाईव्ह टिल्डस्ली सामन्याआधी हाताने रंगीत तक्ते लिहून काढायचा, एकेका खेळाडूची बारीक टिपणं असलेले. 1999 च्या चॅम्पियन्स लीग फायनलला शेवटच्या मिनिटांत ‘युनायटेड गोल करेल का? ते नेहमीच करतात’ असं तो म्हणाला आणि पाठोपाठ शेरिंगहॅमचा गोल झाला, त्याच्यामागे हा अभ्यास होता. तेव्हा कॉमेंटेटरने नाव चुकवलं तर चिडा, पण त्याला पडद्यासमोर बसवून पैसे वाचवणाऱ्यांवरही चिडा.

हे सगळं मी परदेशातलं सांगतेय, कारण मराठीत पारखायला फुटबॉलचा कॉमेंटेटरच जवळपास नाही. क्रिकेटला बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत घराघरांत पोचवलं. बंगालीत अजय बसू, पुष्पेन सरकार यांच्या आवाजात मोहन बागान-ईस्ट बंगाल ऐकत पिढ्या वाढल्या. मल्याळममध्ये शैजू दामोदरन आहेत. 2018 च्या वर्ल्ड कपला रोनाल्डोने स्पेनविरुद्ध फ्री किकवर तिसरा गोल मारला, तेव्हाची त्यांची क्लिप मल्याळमचा एक शब्द न कळणाऱ्यांनीही ऐकली. 2022 चा वर्ल्ड कप मोबाइलवर बंगाली, मल्याळम आणि तमिळमध्ये होता. मराठीत नव्हता. आयपीएल मराठीत आली, फुटबॉल नाही.

माणसं नाहीत असं कुणी म्हणू नये. कोल्हापुरात पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा तालमींच्या संघांचा सामना असला की स्टेडियमवर पायरी-पायरीला एक कॉमेंटेटर बसलेला असतो. कोणाचा डावा पाय चालतो, कोण गेल्या हंगामात खंडोबा तालमीकडून खेळला, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कोणता गोलकीपर कॉर्नरला पुढे यायला कचरतो, हे सगळं तोंडपाठ. अनिकेत जाधव 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपला भारताकडून खेळला तो याच शहरातून गेला. त्याला लहानपणी खेळताना बघितलेले लोक अजून पायऱ्यांवर बसतात. आता पेठांचे सामने यूट्यूबवर लाइव्ह दिसतात, पुण्या-मुंबईत आणि दुबईत बसलेली कोल्हापूरची पोरं रात्री जागून बघतात. पण बरेचदा त्यात माइकवर कुणीतरी नुसता स्कोअर सांगतो आणि उरलेला वेळ जाहिरातदारांची नावं वाचतो.

म्हणून आयोजकांना आणि लाइव्ह करणाऱ्या मंडळींना माझी सरळ मागणी आहे. पुढच्या हंगामात दोन माणसं बसवा. एकाला सगळ्या संघांतली पोरं चेहऱ्याने आणि चालीने ओळखता आली पाहिजेत. दुसरा जुना खेळाडू हवा, गोल का झाला ते सांगणारा. त्यांना सामन्याआधी दोन दिवस संघांच्या याद्या द्या, प्रेस बॉक्समध्ये उंचावर जागा द्या, दोन्ही संघांच्या कोचशी बोलू द्या. जाहिराती हाफ टाइमला वाचा. निवड करताना मुलींनाही बोलवा, मी स्वतः यायला तयार आहे. आणि त्यांना मानधन द्या, सामना संपल्यावर नारळ आणि शाल नको.