रंगाचा बेरंग करण्याची मुभा

गुहेतील डायव्हिंग शिकवणाऱ्या माझ्या काही सहकाऱ्यांचे ठाम मत आहे की, मौजमजा करायला आलेल्या, सतत खिदळणाऱ्या मंडळींना हा कोर्स शिकवूच नये. मेक्सिकोत तुलुमच्या आसपासच्या सेनोत्यांमध्ये, म्हणजे पाण्याने भरलेल्या नैसर्गिक विवरांमध्ये, मी हाच विषय शिकवतो. सुट्टी काढून मित्रांच्या टोळक्याने येणारे विद्यार्थी माझ्याकडे नेहमीच असतात आणि त्यांत अमेरिकेत नोकरी करणारे आपले मराठी लोकही असतात. त्यांना पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्या सहकाऱ्यांशी माझे जमत नाही. अशा विद्यार्थ्यांपासून धोका नसतो असे मी म्हणत नाही. मात्र हे सहकारी तो जिथे शोधतात, तिथे तो मला कधी सापडलेला नाही.

ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. युकातान द्वीपकल्प जवळजवळ सगळाच चुनखडीचा आहे. तिथे जमिनीवर नद्या फारशा दिसत नाहीत, कारण पाणी खाली भुयारांतून वाहते. या भुयारांचे छत जिथे कोसळते, तिथे सेनोते तयार होतो. साक आक्तुन आणि दोस ओखोस या दोन भुयारी जाळ्यांची जोड 2018 साली सापडली, तेव्हा त्यांची एकत्रित लांबी सुमारे 347 किलोमीटर भरली. हिमयुगात समुद्राची पातळी खाली असताना या गुहा कोरड्या होत्या, म्हणून आज पाण्याखालीही छतापासून लोंबणारे चुन्याचे झुंबर दिसते. हे दृश्य विलक्षण सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु समुद्रात काही बिघडले तर निदान वर जाण्याची वाट मोकळी असते, तशी ती इथे नसते. डोक्यावर दगड असतो आणि ज्या वाटेने आत गेलो त्याच वाटेने, दिवा असो वा नसो, बाहेर यावे लागते.

शेक एक्सली या अमेरिकन डायव्हरने 1979 साली गुहेतील मृत्यूंची कारणे तपासून मांडली. बाहेरपर्यंत अखंड लाइन (वाट दाखवणारी दोरी) नसणे, परतीसाठी टाकीत श्वासाचा पुरेसा वायू न राखणे आणि झेपेल त्याहून खोल जाणे, ही त्यांतली मुख्य कारणे होत. पुढे त्यांत प्रशिक्षणाचा अभाव आणि अपुरे दिवे यांची भर पडली. आजही जगभरचे कोर्स याच पायावर उभे आहेत. या यादीत हसण्याचा उल्लेख कुठेही नाही, हे मी सहकाऱ्यांना अधूनमधून ऐकवत असतो.

कोर्सची सुरुवात जमिनीवर होते. झाडांच्या बुंध्यांना वेढे देत रीलवरची लाइन बांधायची आणि मग डोळे मिटून ती धरत बाहेर यायचे, असा हा सराव असतो. अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करून लाइन त्यात ठेवायची, मागच्याने पुढच्याचा दंड पकडायचा. दंड पुढे ढकलला की चला, दाबला की थांबा, मागे ओढला की मागे या. लाइनवर मध्ये मध्ये प्लॅस्टिकचे बाण लावलेले असतात. बाणाचे टोक सर्वांत जवळच्या बाहेरच्या वाटेकडे असते आणि अंधारात ते बोटांनी चाचपूनच ओळखावे लागते. टोळक्याने आलेली मुले या सरावात धमाल करतात. कुणी झुडपात शिरतो, कुणी मित्राऐवजी झाडाचीच फांदी घट्ट धरून बसतो, आणि उरलेले पोट धरून हसतात. मी त्यांना हसू देतो. ज्याने बाण उलटा वाचला, त्याची संध्याकाळपर्यंत थट्टा होते, आणि तो बाण तो जन्मात विसरत नाही. गंभीर चेहऱ्याने वही भरणाऱ्या विद्यार्थ्याची चूक मात्र पुष्कळदा वहीतच राहते, कारण ती त्याला चारचौघांत उच्चारायची नसते.

पाण्यातही मोकळ्या मनाच्या माणसाचा श्वास संथ चालतो आणि वायू पुरतो. घाबरलेला माणूस पाण्याखाली काय करील, याचा नेम नसतो. 2018 साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेतून बारा मुलांना आणि त्यांच्या प्रशिक्षकाला पाण्याखालून बाहेर काढले, तेव्हा त्यांना औषध देऊन बेशुद्ध करावे लागले, ते याच भीतीपोटी. (त्या गुहेतले पाणी उपसण्याच्या कामी पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसे गेली होती, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना आठवत असेल.) त्यामुळे, घाबरवल्याने विद्यार्थी सावध होतो, हा समज मला भाबडा वाटतो.

खरी अडचण आहे ती भिडेची. मित्रांच्या टोळीत सगळे रंगात आलेले असताना "मला पुढे यायचे नाही" असे सांगणे फार जड जाते. वायूचा हिशेब सोपा असतो. टाकीत 200 बार (बार हे दाबाचे माप) असतील तर हिशेबाला 180 धरायचे, त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे 60 बार आत जाण्यासाठी वापरायचे आणि गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या मापकावर, 140 दिसले की मागे फिरायचे. टोळीतल्या ज्या कुणाचा काटा तिथे आधी पोचेल, त्याच्याबरोबर सगळ्यांनी फिरायचे. एका गटातल्या मुलीला थंडी वाजत होती. पाणी पंचवीस अंशांचे असले तरी तासाभरात ते अंगात भिनते. तिचा श्वास जलद झाला होता, तरी मी ओके विचारले की ती ओकेच दाखवत होती. गेज दाखवायला सांगितले तेव्हा काटा 130 वर होता. वर आल्यावर ती म्हणाली, "सर, सगळ्यांना एवढी मजा येत होती, मी कशाला मोडता घालू?" हिशेब तिला पाठ होता, जमिनीवरच्या परीक्षेत तिला पूर्ण गुण होते. तो डाइव्ह मी तिच्या खात्यात धरला नाही. आपल्याकडे भिडेला भिकेची बहीण म्हणतात, आणि गुहेत ही भीक श्वासाची असते.

म्हणून माझ्या कोर्समध्ये सर्वांत जास्त वेळ अंगठ्यावर जातो. डायव्हिंगमध्ये वर केलेला अंगठा म्हणजे "छान" नव्हे, तर "हा डाइव्ह इथे संपला". तो कुणीही, केव्हाही, कोणत्याही कारणासाठी दाखवावा, हा नियम सगळेच शिकवतात. मी त्याला दोन गोष्टी जोडतो. अंगठ्याला उत्तर अंगठ्यानेच द्यायचे आणि वळायचे, पाण्याखाली कारण विचारायचे नाही. आणि दिवसभर कशाचीही टिंगल करा, दाखवलेल्या अंगठ्याची करायची नाही. जमिनीवरच्या सरावातही मी मधूनच एखाद्याला गुपचूप सांगून विनाकारण अंगठा दाखवायला लावतो, म्हणजे इतरांना निमूट वळण्याची सवय होते.

याचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे. एका टोळीत सर्वांत बडबड्या, नाश्त्यापासून विनोद सुरू करणारा एक जण होता. भुयार जिथे अरुंद होते आणि तळाशी बारीक गाळ साचलेला असतो, तिथे तो थांबला. त्या जागी फिनचा (पायातल्या वल्ह्याचा) एक चुकीचा फटका बसला की पाण्याचे ताक होते आणि हातभर अंतरावरचा माणूस दिसत नाही. त्याने लाइन धरली, दिव्याचा झोत स्वतःच्या हातावर टाकला आणि अंगठा दाखवला. तिघांनी अंगठे दाखवले, शेवटचा होता तो आता पहिला झाला, आणि आम्ही बाहेर आलो. काय झाले होते? काहीच नाही. "बरं वाटलं नाही, दादा. बस." मी म्हटले, उत्तम डाइव्ह झाला, आता जेवायला कुठे जायचे ते सांगा. सहकाऱ्यांपैकी कुणी असता तर त्याला या प्रसंगात घाबरटपणा दिसला असता. मला मात्र तो त्या आठवड्यातला सर्वांत चांगला निर्णय वाटला. टोळीतल्या सगळ्यांत लाडक्या गड्यानेच रंगाचा बेरंग केल्यामुळे बाकीच्यांनाही पुढे तसे करणे सोपे गेले.

मौजेला सगळीकडे मुभा असते असे अर्थातच नाही. पाण्यात उतरण्यापूर्वी होणाऱ्या तपासणीत मी एकही विनोद चालवून घेत नाही. मुख्य दिवा, दोन बॅकअप दिवे, दोन्ही रेग्युलेटर (टाकीतून श्वास घेण्याची साधने), गेज, रील, एकमेकांना वायू देण्याचा सराव, हे सगळे शांतपणे, मोठ्याने बोलून होते. कुणी मध्येच गंमत केली तर तपासणी पहिल्यापासून सुरू होते. तिसऱ्यांदा सुरू झाली की टोळी आपणहून गप्प बसते, मला आवाज चढवावा लागत नाही. प्रशिक्षणाच्या डाइव्हवर कॅमेरा नेऊ देत नाही, कारण ज्याचे लक्ष रीलवर हवे त्याचे लक्ष दुसऱ्याच रील्सवर जाते. तुलुमच्या किनाऱ्यावर रात्री पार्ट्या रंगतात. आदल्या रात्रीची उतरलेली नसेल तर त्या दिवशी पाण्यात जाणे नाही, फी परत मिळणार नाही. पैसे भरले म्हणजे कोर्स पूर्ण केल्याचे कार्ड मिळालेच पाहिजे, अशी समजूत करून येणाऱ्यांशी मी सुरुवातीलाच वाईटपणा घेतो.

तारकर्ली किंवा अंदमानात शिकून आलेले काही जण थेट गुहेचा कोर्स करता येईल का, असे विचारतात. आधी उघड्या पाण्यात भरपूर डाइव्ह करा आणि तळाला न टेकता, गाळ न उडवता एका जागी तरंगत राहता येते का ते पाहा. मग, जिथून उजेड दिसत राहतो तेवढ्याच भागातला कॅव्हर्न कोर्स करा. मित्रांबरोबर यायचे असेल तर जरूर या. आल्यावर मी प्रत्येकाला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारतो : सगळा खर्च करून, सुट्टी काढून इथवर आलात आणि पहिल्या दहा मिनिटांत तुमच्या जिवलग मित्राने अंगठा दाखवला, तर काय कराल? "त्याला धीर देईन, समजावीन" असे उत्तर आले, तर त्या टोळीला मी आणखी काही दिवस कॅव्हर्नमध्येच ठेवतो.