कराराला ऑटो बसवणे

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक हिशेबवहीवर, कोडमध्ये लिहून ठेवलेला करार. त्याच्याइतकी ऐदी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. 'एक तारखेला पैसे सोड' असं तिच्या अंगावर कोरून ठेवलं, तरी एक तारीख उजाडून मावळते आणि बाई हलत नाहीत. बाहेरून कुणीतरी गॅसचे, म्हणजे व्यवहार चालवण्याच्या शुल्काचे, पैसे भरून, सही केलेला व्यवहार पाठवून ढोसलं, की मगच जाग येते. आणि हिला म्हणे स्मार्ट! 2015 साली असे करार चालवणारी इथेरियम ही ब्लॉकचेन सुरू झाली तेव्हापासून हे असंच चालू आहे.

हे ढोसणं आपोआप व्हावं म्हणून एसडीके, म्हणजे तयार कोडच्या अवजारपेट्या, मिळतात. कंपनीनं तेच काम माझ्या गळ्यात घातलं आणि मी ते घेऊन अमळनेरजवळच्या आमच्या गावी आलो. मे महिना, पारा 45च्या आसपास, कूलरमध्ये पाणी आहे तर लाइट नाही आणि लाइट आहे तर पाणी नाही.

"काय करी ऱ्हायना रे भो?" आप्पांनी विचारलं.

मी ब्लॉकपासून, म्हणजे वहीत चढणाऱ्या व्यवहारांच्या गठ्ठ्यापासून, सुरुवात केली. त्यांनी तंबाखू मळून होईपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे ऑटो बसाडी ऱ्हायना ना तू. त्यामा काय शे इतलं?"

खान्देशात मोटारीचा ऑटो ज्याला माहीत नाही तो शेतकरी नव्हे. थ्री फेज लाइट या आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री. रात्रीची आली की बॅटरी घेऊन, विंचूकाटा चुकवत विहिरीवर जायचं आणि हिरवं बटण दाबायचं. त्यावर तोड म्हणजे ऑटो. आमच्या स्टार्टरच्या डब्याचं झाकण तारेनं बांधलेलं आहे, आत कोपऱ्यात पालीची अंडी, आणि त्यांच्या शेजारी हा लहानसा ऑटो. लाइट आली, तिन्ही फेज धड आहेत असं त्याला दिसलं, की थोडं थांबून मोटार तोच चालू करतो.

एसडीकेचं काम नेमकं हेच. आपण एक तपासनीस फंक्शन लिहायचं. ते दोनच गोष्टी सांगतं: काम करायचं की नाही, आणि करायचं तर नेमकं काय. हे विचारणं फुकट, कारण त्यात नुसतं वाचायचं असतं; गॅस लागतो तो करायला. "इचारानं फुकट शे हाई चांगलं शे," आप्पा म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी माझ्या डिग्रीचंही केलं नव्हतं.

माहितीपत्रकात लिहिलं होतं, फक्त चार ओळींत टास्क, म्हणजे आपोआप ढोसायचं काम, तयार. चार ओळी खऱ्याच आहेत. पण त्या चालवायला आधी नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम), मग पॅकेजेस, मग आरपीसीचा (नेटवर्कशी बोलायच्या दाराचा) पत्ता, मग सहीसाठी खाजगी किल्ली आणि मग सेपोलिया या चाचणी नेटवर्कवरचं खोटं इथर, म्हणजे इथेरियमचं चलन. ते फुकट वाटणाऱ्या वेबसाइट आहेत, त्यांना नळ म्हणतात. त्यातला एक मला म्हणाला, आधी मुख्य नेटवर्कवर थोडं खरं इथर दाखव. फुकटचं मागायलाही खिसा गरम असावा लागतो.

वेळेचा तर वेगळाच तमाशा. करार सेकंद मोजतो, जावास्क्रिप्ट मिलिसेकंद. हजारानं भागायला विसरलं, तर पगार सुमारे 55 हजार वर्षांनंतर सुटतो. शिवाय टास्कची मध्यरात्र म्हणजे यूटीसीची मध्यरात्र, आपल्याकडची पहाटेची साडेपाच. त्या वेळी गावात फक्त दूधवाला आणि माझा कोड जागा असतो.

मधेच शेजारचे तात्या येऊन बसले. अमळनेर पट्ट्यात संगणकाचा विषय निघाला की पुढचं वाक्य विप्रोवर जातं, कारण ती कंपनी 1945 साली इथेच वनस्पती तुपासाठी निघाली आणि ज्यांनी तिचे शेअर जपले ते करोडपती झाले. तात्यांच्या वडिलांनी जपले नव्हते. "तुन्हा या इथरमा घालू का मंग?" त्यांनी विचारलं. मी घाईनं चहा मागवला.

आप्पांचं डोकं मात्र ऑटोतच अडकलेलं. "सगळासना ऑटो एकदम चालू व्हतस तव्हय डीपी जयस. तुन्हं काय?"

डीपी म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर. मी खुर्चीत सरळ बसलो. वीजवाले गळा काढून सांगतात ते हेच: ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. आमच्याकडेही सगळ्यांचे बॉट, म्हणजे आपोआप ढोसणारे प्रोग्राम, एकाच क्षणी धावले की ब्लॉक भरतात आणि गॅसचं मूळ शुल्क दर ब्लॉकमागे 12.5 टक्क्यांपर्यंत चढतं. ब्लॉक तर दर 12 सेकंदांनी. डीपी जळत नाही, खिसा जळतो. आठवडाभर चाललेल्या ऑनलाइन मीटिंगांमध्ये हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. मी टास्कला गॅसची कमाल मर्यादा घातली आणि वेळ बाराला टेकवण्याऐवजी थोडी पुढे सरकवली.

आता राहिली शिल्लक. ढोसणाऱ्या सेवेकडे आगाऊ पैसे ठेवावे लागतात. ते संपले की टास्क थांबतो. म्हणून शिल्लक कमी झाली की कळवणारा दुसरा टास्क लावायचं ठरलं. पण तोही त्याच शिल्लकीवर चालणार. सध्या शिल्लक पाहण्याची आठवण माझ्या मोबाइलचा गजर करतो, आणि गजर वाजला की मला उठवायचं काम आईकडे आहे.