नवे नियम आलेत? घाबरू नका, आपल्याकडे खोकं आहे

सेवाभावी संस्थांना हिशोबाचे नवे नियम लागू होणार, वर स्वयंसेवक किती, त्यांनी काय केलं, किती तास दिले हेही अहवालात लिहायचं, असं कानावर आलं की पहिलं काम म्हणजे मीटिंग. त्यात एकमताने ठरवायचं की वर्ष संपलं की बघू. झालं, निम्मी तयारी झाली.

पावत्या आहेतच की बुटाच्या खोक्यात. थर्मल कागदाच्या आहेत, निम्म्यांची अक्षरं उडालीत, पण कोऱ्या पावतीसारखी सोय नाही, तिच्यावर हवी ती रक्कम आठवते.

कुणी 'फक्त पुस्तकांसाठी' म्हणून पैसे दिले तर तो निधी आणि त्याची शिल्लक वेगळी दाखवायची असते म्हणे. कशाला? बँकेत पडल्यावर पैसा पैशाला विचारतो का, तू कुठला? भाडं थकलंय ना, द्या त्यातूनच, पुस्तकं पुढच्या देणगीतून आणू, आणि ती छपरासाठी आली तर छप्पर त्याच्या पुढच्या देणगीतून, गळतंय तोवर बादली ठेवा.

आता स्वयंसेवक. रजिस्टर रोज भरायचं नाही हं, चुकूनसुद्धा! शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत, तीन रंगांची पेनं घेऊन, मधेच डाव्या हाताने सह्या ठोकत वर्ष उरकायचं. एका रजिस्टरात मी ३० फेब्रुवारीची हजेरी बघितलीय, पूर्ण दिवस, सहीसकट.

मग स्वयंसेवकांच्या तासांची पैशातली किंमत. ब्रिटनमध्ये साध्या स्वयंसेवेची रक्कम हिशोबात धरतच नाहीत, ती भरवशाने मोजता येत नाही म्हणून, अहवालात शब्दांत सांगतात. अमेरिकेत खास कौशल्याचं काम, जे एरवी विकतच घ्यावं लागलं असतं, किंवा ज्यातून इमारतीसारखी मालमत्ता उभी राहते असं काम असेल तर धरतात. भित्री माणसं! आपण खुर्च्या मांडणाऱ्याचा तास सर्जनच्या दराने लावायचा, आकडा कसा भरल्यासारखा वाटतो. अध्यक्षांचे तास जरा सढळ हाताने, फोटोला उभे राहिले तेही, दिवसाचे सव्वीस झाले तर वरचे दोन तास उपाध्यक्षांकडे वळवा.

आणि ते खोकं घरी नेऊन रात्री दीडपर्यंत पावत्या उजेडाला धरून वाचणाऱ्या, सगळं जुळवून देणाऱ्या हिशोबाच्या ताई? त्यांचे तास कुठे लिहायचे, असं विचारलं मी. तर म्हणे, त्या काय, घरच्याच आहेत.