'जात-बाई बघू नका, काम बघा' या मेसेजला उत्तर

चार दिवस झाले, कोल्हापुरातल्या आमच्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. पुढारी कुठल्या जातीचा, बाई का पुरुष हे बघू नका, काम बघा, आरक्षणानं लायकी नसलेले येतात, आणि बाई नुसती सही करते, कारभार नवराच बघतो. मला हे अजिबात पटत नाही.

'काम बघा' म्हणता ना, मग आपल्या शाहू महाराजांएवढं काम कुणी केलंय? 1902 ला संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासांना 50 टक्के जागा दिल्या त्यांनी. तरी 1920 ला माणगावच्या दलितांच्या परिषदेत त्यांनीच सांगितलं की बाबासाहेबांच्या रूपानं तुम्हाला तुमचा पुढारी मिळालाय. एवढं करणारा राजा असूनसुद्धा लोकांना आपल्यातला माणूस पुढं लागतो हे त्यांना कळलं होतं, आणि आपण शंभर वर्षांनी उलटं शिकवायलोय.

लायकीचं म्हणाल तर 2024 ची विधानसभा बायकांच्या आरक्षणाशिवाय झाली, आपल्या जिल्ह्यातल्या 10 च्या 10 जागी पुरुष. जिल्ह्यात लायक बाईच नाही असं कोण म्हणेल? तिकीटच फारसं मिळत नाही, तिथंच अडतंय सगळं.

आता नवऱ्याचं. होय, सरपंचपती आहेत, मी पण बघितलेत, ते बंद व्हायलाच पाहिजे. पण माझ्या आत्तीच्या गावात, करवीर तालुक्यात, आधी ग्रामसभेला बायका दाराबाहेर पदर सावरत उभ्या असायच्या, आतलं ऐकू पण यायचं नाही. महिला सरपंच झाली तसं आत्ती आत जाऊन सतरंजीवर पुढं बसली, पहिल्यांदा बोलली, काय तर सार्वजनिक संडासाच्या दाराला आतनं कडी नाही म्हणून. आधीच्या सरपंचाला का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाली, "बाप्याम्होरं असलं कसं बोलायचं रं?" बंगाल-राजस्थानात डुफ्लो आणि चट्टोपाध्याय या अर्थतज्ज्ञांनी पंचायतींचा अभ्यास केला, 2004 ला छापून आला, त्यात पण हेच निघालं, महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केला, कारण बायकांची मागणीच ती होती.

आत्तीच्या गावातली कडी पंधरा दिवसात बसली. त्या सरपंच बाईंचा नवरा पण मीटिंगला यायचा, पण कडीचं आत्तीनं सांगितलं ते बाईंनाच.