आईला उंटावर कशाला बसवलं?

आज एका बारशाला गेले होते. तिथे नात्यातल्या एका मामींनी, आई शेजारी बसलेली असताना, मला विचारलं, "या वयात त्यांना वाळवंटात नेलंस? काशीला न्यायचंस, पुण्य तरी लागलं असतं." आई हसली आणि घुगऱ्या खात राहिली. मीही गप्प बसले. घरी आल्यापासून डोकं भणभणतंय, म्हणून इथे ओकतेय.

एक तर काशी झालीय तिची. दोनदा. दोन्ही वेळा कुणाच्या तरी औषधाच्या पिशव्या सांभाळत. मोरोक्कोत ती पहिल्यांदा स्वतःसाठी गेली.

मराकेशहून मर्झूगा दोन दिवसांचा रस्ता. वाटेत तिझी न तिश्का घाट, २,२६० मीटर उंच. आई एवढंच म्हणाली, "आपला खंबाटकी बरा गं." मर्झूगाला पोचलं की समोर एर्ग शेब्बीच्या वाळूच्या टेकड्या सुरू होतात. काही टेकड्या दीडशे मीटरपर्यंत उंच, संध्याकाळी अगदी पिकल्या आंब्याच्या सालीच्या रंगाच्या. पलीकडे जवळच अल्जीरियाची हद्द.

आईने नातीची ट्रॅकपँट घातली, वरून स्वतःचा स्वेटर, डोक्याला गाइडने गुंडाळून दिलेला निळा फेटा. आणि बसली की उंटावर! आता उंट उठतो कसा, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तो आधी मागचे पाय उचलतो. म्हणजे वरचा माणूस सरळ तोंडावर. आई ओरडली, "अगं आई गं, हे जनावर उलटं उठतंय!" मग पुढचे पाय उठले, ती मागे गेली, आणि हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाबा गेल्यानंतर हे हसणं मी ऐकलं नव्हतं. मामी, याचं पुण्य कुठल्या खात्यात जमा होतं, सांगा.

बरं, खरं ते सांगते. नंतर आठ दिवस तिच्या मांड्या धरल्या होत्या. जिना उतरताना कठड्याला लोंबकळायची. आणि आमचं 'साहस' म्हणजे तरी काय, जेमतेम दीड तासाची स्वारी. शेजारच्या रिसानीजवळ सिजिल्मासा नावाचं जुनं शहर होतं. १३५२ साली प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता काफिल्याबरोबर तिथून निघाला, तर वाळवंटापलीकडच्या वलाता गावाला पोचायला त्याला दोन महिने लागले. आमच्यापुढे पोचल्यावर पुदिन्याचा गोड चहा आणि भाज्यांचं ताजीन, म्हणजे मातीच्या भांड्यात मंद शिजवलेली भाजी.

उंटांचे हाल होतात म्हणणारेही अगदी खोटे नाहीत. पण ते पहिल्यांदा कुणी पाहिलं? आईनेच. लग्नाआधी ती बैलगाडी हाकायची. बैलाच्या खांद्याला जू कुठे घासतं हे तिला बघताक्षणी कळतं. तिच्या मागच्या उंटाची खोगिराखालची घोंगडी सरकून वशिंडावर गोळा झाली होती. ती उतरली, गाइडला हाताला धरून नेलं आणि मराठीत दटावलं, "हे बघ, इथं घासतंय त्याला." त्या अमाझिग (तिथल्या मूळ जमातीच्या) पोराला मराठी येत नाही आणि आईला ना अरबी ना फ्रेंच. त्याने घोंगडी सोडली, नीट घडी घालून पुन्हा बांधली, आणि छातीवर हात ठेवून मान लववली. उरलेली वाट आई त्याच्याबरोबर पायी चालली, चपला हातात घेऊन. मी वर बसलेले, माझाच चेहरा पडलेला.

रात्री थंडी अशी की दोन घोंगड्या कमी पडल्या. आई मात्र तंबूत येईना. बाहेर सतरंजीवर पडून वर बघत होती. तिथे ध्रुव आपल्याकडच्यापेक्षा बराच वर दिसतो. मग ईशान्येला सप्तर्षी वर आले. आई म्हणाली, "बाज. आणि ते तीन चोर. अजून म्हातारीची बाज सोडली नाही मेल्यांनी." तिच्या आजीने अंगणात सांगितलेली गोष्ट. मला कधी सांगितली नव्हती. मी विचारलं, का? तर म्हणे, "तुमच्या गच्चीवरून दिसतंय काय?"

बारशाला मी हे बोलायला हवं होतं, पण तेव्हा सुचलं नाही, आणि आईलाही ते आवडलं नसतं. तिला मामींचा राग आलेलाच नाही. रिक्षात म्हणाली, "तिला गुडघ्यांचं दुखणं आहे गं, म्हणून बोलते." असेल. पण मला आलाय आणि मी तो गिळणार नाही. मुलगा आईवडिलांना चारधामला नेतो तेव्हा सगळे त्याला श्रावणबाळ म्हणतात. मुलगी आईला हसवायला नेते तर या वयात कशाला?

हे लिहितेय तोवर आतल्या खोलीत धुडगूस चाललाय. नातू उंट झालाय आणि लेकीची बाहुली त्याच्या पाठीवर आहे. आई पलंगावरून ओरडतेय, "आधी मागचे पाय उचल रे, गाढवा!"