चपला बाहेर काढून या

आज मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा म्हणून एका सरकारी कार्यालयात गेले होते. दारातच शिपायाने अडवले, "चपला बाहेर काढून या, आत पूजा आहे." आवक-जावकच्या टेबलाला केळीचे खांब बांधले होते, नोंदवह्या भिंतीकडे सरकवल्या होत्या आणि त्यांच्या जागी कलश आणि सत्यनारायणाची तसबीर मांडली होती.

माझ्या पुढचे आजोबा वारसनोंदीचा अर्ज घेऊन पहाटेच्या एसटीने आले होते. त्यांना वाकता येत नव्हते. भिंतीला धरून त्यांनी कशाबशा चपला सोडल्या, दीड तास बाकावर काढला, आणि अखेरीस हातात अर्जाची पोच नव्हे, तर शिऱ्याचा द्रोण पडला. "साहेब पूजेला बसलेत, सोमवारी या."

मला सत्यनारायणाचे वावडे नाही. आमच्याकडे दर श्रावणात पूजा होते आणि शिऱ्यासाठी केळी मीच कुस्करते. पण ते घर माझे आहे, म्हणून चपला कुठे काढायच्या हे सांगण्याचा अधिकारही माझा आहे. कचेरीचा उंबरठा तसा कोणा एकाचा नाही. त्या आजोबांचा धर्म कोणता हे मला ठाऊक नाही आणि अर्ज घेणाऱ्यालाही ते ठाऊक असण्याचे कारण नाही.

17 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी, अशी दुरुस्ती सुचवली होती. ती सभा काही नास्तिकांची नव्हती. तरीही असे केल्याने श्रद्धेची सक्ती होईल, हा आक्षेप तिथे घेतला गेला आणि दुरुस्ती 41 विरुद्ध 68 मतांनी पडली. जे उद्देशिकेत येऊ दिले नाही, ते आवक-जावकच्या टेबलावर कोणाच्या परवानगीने आले?

आषाढीला खुद्द मुख्यमंत्रीच पंढरपुरात शासकीय महापूजा करतात, मग बिचाऱ्या कारकुनांनाच का धरायचे, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे.

खरे तर त्या माणसांवर मला रागावताही येत नाही. एरवी ती रात्री आठपर्यंत फायलींत बुडालेली असतात. "ताई, घ्या ना," म्हणत एका मुलीने इतक्या मायेने द्रोण पुढे केला की मी शिरा खाल्ला, आणि तो चांगला झाला होता. नंतर तीच हळूच म्हणाली, की वर्गणीची यादी टेबलाटेबलावरून फिरते आणि आपल्या नावापुढचा रकाना कोरा ठेवण्याची कोणाची हिंमत होत नाही. तेव्हा मात्र तो घास घशात अडकला.

बाहेर आले तेव्हा आजोबा चपलांच्या ढिगात पायाने आपली जोडी शोधत होते. एका हातात द्रोण, दुसऱ्या हातात अर्ज. मी चपला शोधून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या. द्रोणातले तूप एव्हाना अर्जावर सांडले होते, नेमके सहीच्या जागी, आणि "सोमवारी हाच चालेल ना हो?" असे ते मला विचारत होते.