धायरी पुण्यातच आहे

खरा पुणेकर कोण, हा वाद परवा फोनवर पुन्हा ऐकला आणि डोकं तापलं. शनिवार पेठेतल्या माझ्या मावसभावाचं म्हणणं, २०१७ला ११ आणि २०२१ला २३ गावं महापालिकेत घेतली आणि शहराची वाट लागली. "अगं, धायरी म्हणजे काय पुणं आहे का?" हे तो मला ऐकवतो. मी धायरीत वाढले! सिंहगडावर तो कितीदा गेला असेल, पण धायरी फाट्यावरून आत वळून धारेश्वराच्या देवळापर्यंत कधी आलेला नाही.

इकडे बर्लिनमध्ये माझी आवराआवर चालू आहे. लाइपझिगला जाऊन तिथं आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करायचीय, म्हणून बर्लिनचे राहून गेलेले भाग ऊ-७ या मेट्रोनं पालथे घालतेय. १९२०ला या शहरानं एका कायद्यानं आजूबाजूची ७ शहरं आणि ५९ गावं आपल्यात घेतली. त्यातलं श्पान्डाउ तर १२३२पासूनचं शहर, बर्लिनच्या पहिल्या लेखी उल्लेखाहूनही जुनं. तिथली माणसं स्वतःला आधी श्पान्डाउची म्हणवतात, आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

मला सगळ्यात आवडलं रिक्सडोर्फ, मी राहते त्या नॉयकोल्न भागातलं जुनं गाव. चौकाच्या मधोमध जुनी लोहारशाळा उभी आहे. जवळच्याच गल्लीत बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, धर्मासाठी परागंदा झालेल्या लोकांची वस्ती; १७३७ला राजानं त्यांना इथं जमीन दिली. बुटकी घरं, मागे लांबट अंगणं, एका फाटकाला टेकवलेली सायकल. तिथून थोडं चाललं की झोनेनआले या रस्त्यावर अरबी पाट्या सुरू होतात. यातलं खरं बर्लिन कुठलं, असं विचारायचं मला सुचलंही नाही.

आणि पुण्यात तरी काय वेगळं घडलं? शिवाजीनगर म्हणजे भांबुर्डे गाव. एरंडवणं हेही गावच. त्यांना शहरात मुरायला वेळ मिळाला, धायरीला का मिळू नये? पाण्याचा, रस्त्यांचा ताण खरा आहे, मान्य. पण त्याचा हिशेब राहणाऱ्यांच्या माथी का मारायचा?

"तू तर तिथं राहतेस, तुला काय करायचंय?" असं भाऊ शेवटी म्हणाला. ते लागलं. इथं नॉयकोल्नच्या पत्त्यावर मी बिनदिक्कत बर्लिनची झाले, उद्या लाइपझिगचीही होईन. ही नाती कागदावर जुळतात, कागदावर सुटतात, मला त्याचं दुःख होत नाही. पुण्याचं तसं नाही. तिथला माझा पत्ता कधीच गेला, आता माझं म्हणून तिथं उरलंय ते फक्त पुणेकर असणं, आणि तेही कुणी काढून घ्यायला लागलं की मी भांडते.